वाचकांचे प्रश्न : गरोदरपणातला थायरॉइड

या वेळी निवडलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते. आजार बहुतेकींना ठाऊक आहे, गोळीही चालू आहे. घोळ होतो तो वेळेचा. गोळी कधी वाढवायची, ती कशासोबत घ्यायची नाही, तपासणी कोणत्या आठवड्यात करायची आणि हातात आलेला रिपोर्ट कोणत्या महिन्याच्या मापाने वाचायचा, यावरच सगळं अडतं. उत्तरं त्याच रोखाने दिली आहेत. रिपोर्टमधला टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीचा थायरॉइडला हुकूम : थायरॉइड कमी पडला की तो चढतो, जास्त झाला की उतरतो. डोस अर्थातच तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचा. पण काय विचारायचं हे ठाऊक असलं, की ते बोलणं फोनवर दोन मिनिटांत उरकतं.

प्रश्न : लग्नाआधीपासून थायरॉइड कमी असल्याने मी रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. गेल्या महिन्यात टीएसएच २.१ होता. आता पाळी चुकून आठ दिवस झालेत आणि घरी केलेली टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर गोळी आहे तशीच घेऊ का? आई म्हणते, पहिले तीन महिने कोणतीच गोळी नको.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आईंचा सल्ला बाकीच्या गोळ्यांना लावा, हिला नको. लेव्होथायरॉक्सिन म्हणजे तुमच्या ग्रंथीने बनवायला हवं होतं तेच संप्रेरक. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते आणि तिचं काम अंगी लागायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोवर बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन तुमच्याच रक्तातून जातं. ही गोळी बंद केली तर बाळाच्या वाट्याचं बंद होतं.

उलट ती आता वाढवायची आहे, आणि तीन आठवडे थांबायचं नाही. गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढू लागते. निरोगी ग्रंथी ही वाढ आपोआप भागवते. तुमची भागवू शकत नाही, म्हणून ती बाहेरून द्यावी लागते. वाढ साधारण २५ ते ३० टक्के. त्याचा सोपा हिशोब असा : आठवड्याला सात गोळ्या घेत होता, त्या नऊ करायच्या. म्हणजे पाच दिवस एक आणि दोन दिवस, समजा बुधवारी आणि रविवारी, दोन-दोन. सातांचे ५२५ मायक्रोग्रॅम होत होते, नऊंचे ६७५ होतात. वाढ २९ टक्क्यांच्या जवळपास. नवी बाटली आणायला नको, गोळी मोडायला नको. आजच डॉक्टरांना फोन करून ‘आठवड्याला नऊ सुरू करू का’ एवढंच विचारा आणि टीएसएच तपासायची चिठ्ठी मागा.

मग दर चार आठवड्यांनी टीएसएच, विसाव्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर तिसाव्या आठवड्याच्या सुमारास निदान एकदा. डोस बदलला असेल तर बदलापासून चार आठवड्यांनी. त्याआधी तपासण्यात अर्थ नसतो, कारण या संप्रेरकाचं रक्तातलं अर्धं आयुष्य सात दिवसांचं असतं आणि नवा डोस स्थिरावायला महिना लागतो. लक्ष्य टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचं.

ज्यांची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली आहे किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केली आहे, त्यांना वाढ जास्त लागते. त्यांनी चार आठवड्यांचा नेम अजिबात चुकवू नये.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. बाराव्या आठवड्यात टीएसएच १.९ होता, आता ६.८ आला. गोळी एक दिवसही चुकलेली नाही. सकाळी साडेसहाला थायरॉइडची गोळी, लगेच चहा, आठ वाजता प्रोटीन पावडर घालून दूध, त्याच्याबरोबर लोह आणि कॅल्शियम. असं अचानक का वाढलं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उत्तर तुमच्याच वेळापत्रकात आहे. पहिल्या तिमाहीत तुम्हाला बहुधा फक्त फॉलिक अ‍ॅसिड होतं, आणि ते थायरॉक्सिनच्या वाटेला जात नाही. दुसऱ्या तिमाहीत लोह आणि कॅल्शियम सुरू झालं. सरकारी कार्यक्रमात लोहाची गोळी ६० मिलिग्रॅमची असते आणि कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमचं, दिवसातून दोनदा. ही दोन्ही खनिजं आतड्यात थायरॉक्सिनला चिकटतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. तो रक्तात न जाता शौचावाटे निघून जातो. गोळी तुम्ही घेतलीत, पण शरीराला ती पुरती मिळाली नाही. बाराव्या आठवड्यातला छान रिपोर्ट विसाव्या आठवड्यात बिघडतो तो अनेकदा असाच. मग डॉक्टर डोस वाढवतात, वेळापत्रक तसंच राहतं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वाढवावा लागतो.

थायरॉइडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. लोह आणि कॅल्शियम एकमेकांनाही अडवतात, त्यामुळे त्यांच्यात दोन तास. हे सगळं मराठी घरातल्या दिवसात बसवायचं तर असं बसतं :

सकाळी ६ वाजता अनशापोटी थायरॉइडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. सात वाजता चहा. साडेआठला नाश्ता, पोहे, उपमा, काहीही चालेल. ११ वाजता लोहाची गोळी, लिंबाच्या सरबताबरोबर. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. ११ची वेळ मुद्दाम निवडली आहे : सकाळच्या गोळीला पाच तास झालेले असतात, नाश्त्याला अडीच, आणि चहाची वेळ नसते. संध्याकाळी पाचला लोह घ्यायचं ठरवलं तर चहा सोडावा लागतो, आणि तो कोणी सोडत नाही. चहातल्या टॅनिनमुळे लोह वाया जातं. दुपारी १ वाजता जेवण झाल्यावर पहिलं कॅल्शियम. रात्री ८ला जेवणानंतर दुसरं. नोकरीमुळे ११ची वेळ जमत नसेल तर लोह झोपताना घ्या आणि रात्रीचं कॅल्शियम जेवणाबरोबरच आटपा.

आता प्रोटीन पावडर. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. गरोदर स्त्रियांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक पावडरींत लोह आणि कॅल्शियम घातलेलं असतं, काहींत सोयाही. म्हणजे ती पावडरसुद्धा एक गोळीच धरा आणि दुपारनंतर न्या. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीचंही तेच. छातीत जळजळ होते म्हणून घेतलं जाणारं पातळ, गुलाबी अँटासिड हा आणखी एक चोर आहे. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे गोळी अडते, तेव्हा तिथेही चार तास पाळा. पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्या वेगळ्या वाटेने त्रास देतात : पोटातलं आम्ल घटतं आणि थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळत नाही. त्यात अंतर ठेवून भागत नाही, डोस थोडा वाढवावा लागू शकतो. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

चहाबद्दल : कोरा असो की दुधाचा, ४५ मिनिटं ते एक तास थांबा. पहाटे मळमळ इतकी असेल की बिस्किटाशिवाय उठवतच नाही, तर गोळी रात्री हलवा. रात्रीच्या जेवणानंतर पूर्ण तीन तासांनी, पण मग रात्रीचं कॅल्शियम आणि झोपतानाचं लोह दोन्ही बाद. ती दिवसा उरकायची. वेळ कुठलीही निवडा, पण रोज एकच.

६.८ वर डॉक्टर डोस वाढवतीलच, आणि ते योग्य आहे. गरोदरपणात वेळापत्रक सुधारण्याची वाट पाहत बसत नाहीत. पण त्यांना वेळापत्रक दाखवा. दोन्ही एकदम बदललं तर चार आठवड्यांनी टीएसएच फार खाली येऊ शकतो, हे त्यांना आधीच ठाऊक हवं.

प्रश्न : आठव्या आठवड्यात टीएसएच ३.४ आला. रिपोर्टवर ‘नॉर्मल ०.४ ते ४.२’ असं छापलंय. एका डॉक्टरांनी २५ची गोळी लिहून दिली, दुसऱ्या म्हणाल्या गरज नाही. खरं कोणाचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी रिपोर्टवरचे छापील आकडे बाजूला ठेवा, ते गरोदर नसलेल्या माणसांचे आहेत. लॅबच्या फॉर्मवर कितवा आठवडा ते लिहिलेलं असलं तरी छापील पट्टा बऱ्याचदा तोच राहतो.

दोन डॉक्टरांचं दुमत होण्याचं कारण असं, की मोजपट्ट्याच दोन आहेत. २०११च्या अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या सूचनांमध्ये पहिल्या तिमाहीची वरची मर्यादा २.५ होती. भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या सूचनांतही पहिल्या तिमाहीला २.५ आणि पुढे ३ हीच पट्टी आहे. २०१७ साली अमेरिकन संस्थेने आपली मर्यादा सैल केली : तुमच्या भागातल्या गरोदर स्त्रियांवरून ठरवलेला पट्टा वापरा, तो नसेल तर ४.० धरा. म्हणजे तुमचा ३.४ एका पट्टीने जास्त, दुसरीने ठीक.

अशा मधल्या आकड्यावर निर्णय फिरतो तो अँटी-टीपीओ या तपासणीवर. शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करत असेल तर ही प्रतिपिंडं रक्तात सापडतात. पॉझिटिव्ह आली तर आज ३.४ असलेला आकडा पुढे चढण्याची शक्यता असते, गर्भपाताचा धोकाही काहीसा जास्त असतो. तेव्हा २५ ते ५० मायक्रोग्रॅम सुरू करण्यात शहाणपण आहे. आधी गर्भपात झाला असेल तर आणखीनच. निगेटिव्ह आली तर चार आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहायचा, गोळीची घाई नाही. १० च्या वर मात्र वादच नाही, गोळी त्याच दिवशी. आणि टीएसएच खूप जास्त, फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) कमी, असं असेल तर २५ने सुरुवात करून हळूहळू चढवत बसायचं नसतं. वजनाच्या दर किलोला १.६ ते २ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला १०० च्या आसपास, असा पूर्ण डोस सुरू करतात.

‘गोळी न घेतल्याने बाळ मंद होईल का’ ही तुमच्या पत्रातली खरी भीती. तीन-चारच्या टीएसएचला ती लागू नाही. टीएसएच वाढलेला पण फ्री टी४ नॉर्मल, अशा स्त्रियांवरची अमेरिकेतली मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांच्या मुलांच्या बुद्ध्यांकात पाचव्या वर्षी फरक आढळला नाही. त्यात गोळी सरासरी सतराव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे उशिरा सुरू झाली होती, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच वाद मिटलेला नाही.

तेव्हा अँटी-टीपीओ करून घ्या. एकदाच पुरते, दर महिन्याला नको. पैसे वाचवायचे असतील तर टी३ या तपासणीवर वाचवा. थायरॉइड कमी आहे का हे पाहायला तिचा उपयोग नसतो.

प्रश्न : नववा आठवडा. उलट्यांनी हैराण आहे. टीएसएच ०.०५ आला. लॅबवाले म्हणाले हायपर आहे. गूगलवर वाचून घाबरले आहे. गोळ्या घ्याव्या लागतील का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बहुधा नाही. हायपर म्हणजे थायरॉइड जास्त होणं. गरोदरपणात वार तयार करते ते एचसीजी हे संप्रेरक रचनेने टीएसएचसारखंच असतं, आणि ते ग्रंथीला तशीच चालना देतं. ग्रंथीला दोन मालक झाले, की खरा मालक गप्प बसतो; टीएसएच खाली जातो. एचसीजी आठ ते अकराव्या आठवड्यांत सर्वांत जास्त असतं, उलट्याही तेव्हाच जास्त असतात. जुळी असतील तर हे आणखी ठळक दिसतं. चौदा ते अठरा आठवड्यांपर्यंत हे आपोआप ओसरतं आणि त्याला थायरॉइडविरोधी गोळी लागत नाही, देऊही नये.

खरा हायपर म्हणजे ग्रेव्हज आजार, यात शरीराचीच प्रतिपिंडं ग्रंथीला जास्त काम करायला लावतात. तो वेगळा ओळखायला डॉक्टर या गोष्टी पाहतील : गळ्याला सूज आहे का, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात का, दिवस राहण्यापूर्वीपासून धडधड किंवा हाताची थरथर होती का, घरात कोणाला होतं का. शंका असेल तर फ्री टी४ आणि टीआरएबी ही प्रतिपिंडांची तपासणी. सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्या. जुळी आहेत का आणि द्राक्षगर्भ (बाळाऐवजी वारेचीच द्राक्षांच्या घोसासारखी वाढ) नाही ना, हे त्यात कळतं.

लक्ष द्यायचं ते उलट्यांकडे. पाणीही टिकत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, किंवा वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलो, तर दाखल होऊन सलाइन लावावं लागतं. उलट्या बरेच दिवस चालू असतील तर ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायामिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, द्यायला हवं. हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोचू नका.

प्रश्न : सूनबाईंना थायरॉइड आहे, सातवा महिना. मी घरात कोबी, फ्लॉवर, सोयाबीन, शेंगदाणे सगळं बंद केलंय. साधं मीठ वाईट म्हणून सैंधव वापरते. शेजारच्या बाईंनी अश्वगंधाचा काढा सांगितलाय. अजून काय काळजी घेऊ?
— एक सासूबाई, लातूर

उत्तर : काकू, काळजी मनापासून घेताय, पण थोडी उलट्या दिशेने चालली आहे. भाज्या परत आणा आणि मीठ बदला.

कोबी-फ्लॉवरमधली द्रव्यं ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत हे खरं, पण त्याचा त्रास आयोडीन कमी पडत असेल तिथे होतो, आणि शिजवल्यावर त्यांचा जोर बराच जातो. आठवड्यातून दोन-तीनदा शिजवलेली भाजी, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, काही बिघडत नाही. सोयाबीनही चालेल, फक्त सकाळच्या गोळीपासून दूर. सूनबाई गोळी घेतातच, तेव्हा त्यांच्या संप्रेरकाची भिस्त भाजीवर नाही.

मिठाचं मात्र गांभीर्याने घ्या. सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, गुलाबी मिठातही नाही, आणि कोकणातल्या मिठागरांचं खडे मीठही आयोडीनयुक्त असेलच असं नाही. गरोदर बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, एरवीच्या १५० ऐवजी. पाकिटावरच्या आयोडीनयुक्त मिठात दुकानातून घेताना किमान १५ पीपीएम असायला हवं, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅम मिठातून निदान ७५ मिळतात. बाकीचे दूध, दही, अंडी, समुद्राची मासळी यांतून. आई गोळी घेत असली तरी बाळाची ग्रंथी दुसऱ्या तिमाहीपासून स्वतः संप्रेरक बनवते आणि त्याचा कच्चा माल आयोडीनच. सैंधव एकादशीपुरतं ठेवा.

मीठ ओलं होतं म्हणून तव्यावर भाजून ठेवायची सवय असेल तर मोडा. उष्णतेने आयोडीन घटतं. गॅसच्या शेजारी उघडी बरणीही नको. झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून लांब, आणि आमटी-भाजीत मीठ शेवटी घालायचं. पण आयोडीन चांगलं म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणू नका. अति झालं तर बाळाची ग्रंथी मंदावते.

अश्वगंधा गरोदरपणात नको. तिने थायरॉक्सिन वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि सूनबाईंचा डोस तर महिन्यामहिन्याला मोजून लावलेला आहे. शतावरी कल्प डॉक्टरांना चालत असेल तर दुधातून संध्याकाळी.

प्रश्न : ग्रेव्हजसाठी वर्षभर कार्बिमॅझोल १० मिलिग्रॅम घेते. पाळी पाच दिवस लांबली आणि टेस्ट पॉझिटिव्ह. गोळीने बाळाला व्यंग येतं असं वाचलं. आज रात्रीची गोळी घेऊ की नको?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : या अंकात सर्वांत घाईचं पत्र हेच, म्हणून टपालाची वाट न पाहता याचं उत्तर आधी कळवलं होतं. इतरांसाठी ते इथे देत आहोत.

कार्बिमॅझोल, म्हणजे जास्त झालेला थायरॉइड दाबणारी गोळी, शरीरात गेल्यावर मेथिमॅझोल होतं. सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान बाळाचे अवयव घडत असताना त्याने क्वचित व्यंग होतं : डोक्यावरच्या कातडीचा तुकडा तयार न होणं, नाकाची मागची वाट बंद असणं, अन्ननलिका जोडलेली नसणं. पाळी पाच दिवस लांबली म्हणजे पाचवा आठवडा भरत आला. तुमच्या हातात जेमतेम आठवडाभर आहे, पण आहे. म्हणून आज रात्रीच डॉक्टरांशी बोलायचं. स्वतःहून गोळी बंद करून गप्प बसणंही धोक्याचं. आवाक्याबाहेर गेलेला हायपर गर्भपात, रक्तदाब आणि आईच्या हृदयावर ताण आणतो.

डॉक्टरांसमोर दोन वाटा असतात. डोस लहान आहे, बरेच महिने रिपोर्ट नॉर्मल आहेत, टीआरएबी कमी आहे, अशा बाईची गोळी थांबवून दर एक-दोन आठवड्यांनी फ्री टी४ आणि टीएसएच पाहता येतो. बाकीच्यांना प्रोपिलथायोयुरासिल, म्हणजे पीटीयू, दिलं जातं. त्यानेही व्यंगाची शक्यता शून्य होत नाही, पण जी होतात ती सौम्य असतात. गोळी ५० मिलिग्रॅमची येते, असर लवकर ओसरतो म्हणून दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. छोट्या गावांत ती दुकानात पडलेली नसते, केमिस्टला मागवावी लागते. चिठ्ठी मिळाल्या दिवशीच मागवा. सोळाव्या आठवड्यानंतर पीटीयूच चालू ठेवायचं की परत कार्बिमॅझोलवर यायचं, ते डॉक्टर ठरवतील. पीटीयू यकृताला क्वचित पण गंभीर इजा करतं : लघवी गडद होणं, डोळे पिवळे होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, असं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी तपासणी. दोन्ही गोळ्यांना एक सूचना समान आहे : ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं तर घरी गुळण्या करत बसू नका, पांढऱ्या पेशींची मोजणी त्याच दिवशी करा.

या गोळ्या वार ओलांडून बाळाच्या ग्रंथीलाही दाबतात, आणि आईपेक्षा जरा जास्तच. म्हणून इथे टीएसएच नॉर्मलला आणायचा आग्रह नसतो. फ्री टी४ वरच्या मर्यादेला टेकलेलं राहील इतकाच, कमीत कमी डोस. रिपोर्टवर टीएसएच ०.०८ पाहून कोणी डोस वाढवायला सांगितलं तर आधी फ्री टी४ किती ते विचारा.

आता एक गोष्ट जी सुटते. ग्रेव्हजसाठी पूर्वी शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन झालेल्या आणि आता थायरॉक्सिनवर असलेल्या स्त्रिया स्वतःला ‘कमी थायरॉइडवाली’ समजतात आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना तेवढंच सांगतात. ग्रंथी गेली तरी टीआरएबी प्रतिपिंडं रक्तात वर्षानुवर्षं राहू शकतात, वार ओलांडून बाळाच्या ग्रंथीला चेतवू शकतात. आईचा टीएसएच सुरेख, आणि पोटातल्या बाळाला हायपर, असं होतं. अशांनी टीआरएबी सुरुवातीलाच तपासावं. जास्त आलं तर १८ ते २२ आणि पुन्हा ३० ते ३४ आठवड्यांत. आकडा मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त असेल तर सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके, वाढ आणि गळ्याची ग्रंथी मुद्दाम पाहायला सांगतात.

काही छोटे प्रश्न

*टी३, टी४ दोन्ही जास्त आलेत, टीएसएच नॉर्मल (ठाणे).* गरोदरपणात रक्तातलं वाहक प्रथिन वाढतं, त्यामुळे एकूण टी४ सोळाव्या आठवड्यानंतर दीडपट दिसतं. त्यात काळजी नाही. पुढच्या वेळी एकूणऐवजी फ्री टी४ करा.

*केसांसाठी बायोटिन घेते (पनवेल).* तपासणीच्या निदान दोन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. आणि रक्त गोळी घेण्याआधी द्या. टीएसएचला फरक पडत नाही, पण फ्री टी४ गोळीनंतर काही तास चढलेलं दिसतं.

*गोळी घेतल्यावर उलटी झाली (सातारा).* अर्ध्या तासाच्या आत झाली तर दुसरी घ्या. त्यानंतर असेल तर सोडून द्या. एखादा दिवस पूर्ण विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतात. अर्धं आयुष्य सात दिवसांचं असण्याचा हा फायदा.

*बाटली कुठे ठेवू? (अकोला)* अकोल्याच्या मे महिन्यात गॅसवरच्या फळीवर नाही, गाडीतही नाही. घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात, मूळ बाटलीत, आतली सिलिकाची पुडी न काढता. डोस दर महिन्याला बदलण्याची शक्यता आहे, तेव्हा वेगवेगळ्या ताकदीच्या मोठ्या बाटल्या साठवू नका. कंपनीही शक्यतो तीच ठेवा. बदललीच तर चार आठवड्यांनी टीएसएच.

प्रश्न : आठवड्यापूर्वी बाळंत झाले. गरोदरपणात डोस ७५वरून १०० झाला होता. आता किती घेऊ? दूध पाजताना चालेल का? बाळालाही थायरॉइड असेल का? आणि मैत्रिणीला बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी हायपर झाला, मलाही होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बाळंतपणानंतर वाढीव गरज संपते, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ७५. तुमचा आठवडा १००वर गेला असेल तर काही बिघडलेलं नाही, डॉक्टरांना विचारून आज खाली या. सहाव्या आठवड्यात टीएसएच, जो बाळाच्या लसीकरणाच्या फेरीत आटपता येतो. ज्यांची गोळी गरोदरपणातच सुरू झाली आणि ५० किंवा कमी होती, त्यांची बऱ्याचदा थांबवता येते. पण तीही सहा आठवड्यांनी तपासायची. स्तनपानात थायरॉक्सिन निर्धोक आहे. डिंकाचे, अळिवाचे लाडू नाश्त्याला खा, गोळीबरोबर नको.

मैत्रिणीला जे झालं त्याला बाळंतपणानंतरचा थायरॉइडदाह म्हणतात. ग्रंथीला सूज येते, साठवलेलं संप्रेरक एकदम बाहेर पडतं आणि एक ते सहा महिन्यांच्या दरम्यान धडधड, घाम, वजन उतरणं सुरू होतं. हा नवीन संप्रेरक बनण्याचा आजार नसल्याने त्यात कार्बिमॅझोलचा उपयोग नाही. धडधडीपुरती प्रोप्रॅनोलॉल पुरते. पुढे चार ते आठ महिन्यांच्या आसपास उलटा झोका येतो : थकवा, केस गळणं, मन उदास राहणं. घरात ‘बाळंतीण आहे, झोप होत नाही’ म्हणून हे सोडून दिलं जातं. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या आणि टाइप १ मधुमेह असलेल्या स्त्रियांना हे जास्त होतं. त्यांनी तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात टीएसएच करावा. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात सुधारते, काहींना गोळी कायमची लागते. तुम्ही आधीपासून गोळीवर आहात, तुमच्याकडे झोका छोटा असेल, पण डोस तात्पुरता बदलावा लागू शकतो.

बाळाला तुमच्यामुळे आजार असेल असं नाही. जन्मजात थायरॉइड कमी असलेल्या बहुतेक बाळांच्या आयांना काहीच आजार नसतो. ग्रंथीच तयार झालेली नसते किंवा चुकीच्या जागी असते. जन्मतः बाळ निरोगी दिसतं, म्हणून तपासणी सगळ्याच बाळांची व्हायला हवी : नाळेच्या रक्तातून, किंवा ४८ तासांनंतर टाचेला टोचून. डिस्चार्जच्या कागदावर ‘टीएसएच’ असा शब्द शोधा. नसेल तर उद्याच बालरोगतज्ज्ञांकडे जा. आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करून दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू व्हायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक आठवड्याला बाळाच्या मेंदूच्या वाढीची किंमत असते. ती गोळी रोज दोन चमच्यांमध्ये चुरून, थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून लगेच पाजायची. बाटलीभर दुधात मिसळायची नाही. बाळाने अर्धी बाटली सोडली तर डोस किती गेला ते कळत नाही.